फ्लॉरेन्स : शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार दुपार, सोबत आई-बाबा

इसार_काठ
नमस्कार मंडळी. मी म्युनिकला असते. सप्टेंबरअखेरीस आई-बाबा सांगलीहून येतायत. त्यांना ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी फ्लॉरेन्स दाखवायचं मनात आहे. शुक्रवारी संध्याकाळी रेल्वेने पोचू, सोमवारी दुपारी निघू. आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंसुद्धा खात नाही. बाबा निवृत्त विज्ञान शिक्षक, त्यांना कुठेही नेलं तरी माहितीची पाटी वाचायला लागते.

ढोबळ बेत असा : शनिवारी पिसा, रविवारी सकाळी दुओमो (तिथलं मुख्य चर्च) आणि त्याचा घुमट, दुपारी नदीकाठ, सोमवारी सकाळी उफिझीतली चित्रं आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, मग स्टेशन. एक दिवस गाडी भाड्याने घेऊन टस्कनीची खेडी पाहावीत का? की हे सगळं फार होतंय? जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने झोडपावं.

तिकीट_कलेक्टर
झोडपायला परवानगी दिलीतच आहे तर घ्या. उफिझी सोमवारी बंद. डेव्हिड जिथे आहे ते अकादेमियाही सोमवारी बंद. पिट्टी राजवाडाही सोमवारीच बंद. दुओमो रविवारी सकाळी पर्यटकांना बंद, कारण तिथे प्रार्थना चालू असते. एवढं चुकीच्या वारी बसवायलाही प्रतिभा लागते. :)

शनिवार आणि सोमवारची अदलाबदल करा, निम्मे प्रश्न सुटतील. शनिवारी सकाळी सव्वाआठचं, म्हणजे दार उघडतानाचं उफिझीचं तिकीट आजच काढा. दहानंतर तिथे बॉत्तिचेल्लीच्या दालनात चित्रापेक्षा फोनच जास्त दिसतात. दुओमो सोमवारी सकाळी. आत जायला पैसे नाहीत, पण रांग असते.

वरणफळ
घुमट विसरा. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मध्येच परत फिरायची सोय नाही, आणि शेवटचा टप्पा दोन भिंतींच्या मधून वाकून. शेजारच्या जॉत्तोच्या मनोऱ्याला ४१४, तिथेही लिफ्ट नाही. काकूंना खाली चौकात कॉफी पाजा आणि काकांना एकट्यांना वर पाठवा. घुमटाचं तिकीट वेळ ठरवूनच मिळतं, आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

बिनकामाचा
काका वर गेले तर पाट्या वाचत वाचत जातील. मागची रांग पुढच्या सोमवारी उतरेल.

दीड_शहाणी
हाहा. पण काकांना घुमट दाखवाच, तोही बांधणी समजावून. विजापूरचा गोल घुमट पाहिला असेलच त्यांनी, सांगलीहून किती लांब आहे! त्याचा बाहेरून व्यास साधारण ४४ मीटर, फ्लॉरेन्सच्या घुमटाचा आतूनच जवळपास तेवढा. पण विजापूरचा खरा गोल आणि हा अष्टकोनी. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये तो उभा केला, तोही खालून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता. एवढ्या उंचीचा नि रुंदीचा सांगाडा करायला लाकूड आणायचं कुठून, हा खरा अडसर होता. म्हणून एकात एक असे दोन घुमट आणि विटा तिरप्या, माशाच्या काट्यासारख्या रचलेल्या. त्यामुळे ओल्या चुन्यातही विटांचा थर घसरत नाही. वर चढताना आपण या दोन घुमटांच्या मधूनच जातो. विज्ञानाचा मास्तर तिथून खाली यायला तयार होणार नाही.

इसार_काठ
@तिकीट_कलेक्टर, बरं झालं विचारलं! बाबांना गोल घुमट तोंडपाठ आहे, कित्येक शाळेच्या सहली तिथे नेल्यात. म्हणजे घुमट नक्की. पण कुठेतरी वाचलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात. आमचा रविवार नेमका पहिलाच. मग उफिझीला रविवारी गेलो तर?

मावशी_नाशिककर
फुकट म्हटल्यावर अख्खा इटली येतो गं. त्या दिवशी आगाऊ आरक्षण नसतं, सरळ रांगेत उभं राहायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला दोन तास दगडी फरशीवर उभं करून पंचवीसेक युरो वाचवणार असशील तर तेच पैसे नंतर बाम आणि टॅक्सीत जातील. आमच्या ह्यांनी हट्टाने तीच बचत केली होती. आत गेल्यावर ते पहिल्या बाकावर बसले ते निघेपर्यंत उठले नाहीत. चित्रं मी बघितली.

शनिवारी विकतचं तिकीट काढ. उफिझीत लिफ्ट आहे, चाकाची खुर्चीही मागितली तर मिळते. काकूंना संकोच वाटला तरी मागच.

ईशान्यवारा
थोडा वेगळा सूर लावतो. उफिझीच का? साडेचारशे वर्षांपूर्वी वासारीने सरकारी कचेऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत चित्रांची दालनं एकामागून एक. तिसऱ्या दालनानंतर सगळ्या माता मेरी सारख्याच दिसायला लागतात. ज्यांना चित्रांचं वेड नाही त्यांनी एक सकाळ तिथे घालवण्यापेक्षा नदीकाठच्या गॅलिलिओ संग्रहालयात जावं. त्याच्या दुर्बिणी आहेत, आणि काचेच्या भांड्यात त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट. १७३७ मध्ये त्याचं शव सांता क्रोचे चर्चमधल्या नव्या कबरीत हलवलं तेव्हा ते काढून घेतलं गेलं. ज्या चर्चने त्याला घरकैदेत ठेवलं, त्याच्यासमोर आता हे मधलं बोट उभं आहे. शिक्षकांना आवडेल. हे संग्रहालय सोमवारीही उघडं असतं.

तिकीट_कलेक्टर
@ईशान्यवारा, बोट मान्य. पण फ्लॉरेन्सला जाऊन उफिझी टाळायचं म्हणजे पंढरपूरला जाऊन विठोबाला बाहेरून नमस्कार.

ईशान्यवारा
रांग बघून लोक कळसाचं दर्शन घेतातच की. शास्त्रात मान्य आहे.

वरणफळ
मग डेव्हिडचं कळसदर्शनही आहेच. सिन्योरिया चौकात प्रतिकृती उभी आहे. मूळ पुतळा १५०४ पासून तिथेच उघड्यावर होता, १८७३ मध्ये अकादेमियात नेला, आणि प्रतिकृती १९१० ची. चौकातला बघा, तासभर वाचवा.

दीड_शहाणी
नाही नाही नाही. इथे मी भांडणार. प्रतिकृती वेगळी आणि तो वेगळा. पाच मीटरच्या वर उंची आहे, त्याच्या उजव्या हाताच्या शिरा बघायला तरी आत जा. अकादेमिया छोटं आहे, दीड तासात आटपतं. शिवाय त्याच्याकडे जाणाऱ्या दालनात मायकेलअँजेलोचे अर्धवट सोडलेले कैदी आहेत, दगडातून सुटायला धडपडणारे. मला तेच डेव्हिडपेक्षा आवडले. शनिवारी सकाळी उफिझी, दुपारी खोलीवर झोप, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास अकादेमिया. दुपारची झोप वगळू नका, आई-बाबांसोबतच्या सहलीत तोच मुख्य कार्यक्रम असतो.

मांडवीकाठ
पणजीहून नमस्कार. आमचाही फ्लॉरेन्सशी जुना संबंध आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीखाली जो संगमरवरी चौथरा आहे, तो फ्लॉरेन्सहून आलेला. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची याने तो भेट म्हणून पाठवला, फोज्जिनी या शिल्पकाराने घडवला आणि १६९८ मध्ये इथे बसवला गेला. बदल्यात ड्यूकला काय मिळालं, तर संताच्या डोक्याखालची उशी! समुद्रमार्गे एवढे दगड पाठवायचे आणि उशी घ्यायची, मेदिची सावकारांच्या कुळातले होते म्हणून कोण म्हणेल.

रंगीत दगड कापून कापून चित्रासारखे बसवायची ती कला तिथे अजून टिकून आहे. अकादेमियाच्या मागच्या बाजूला त्या कामाचं लहानसं संग्रहालय आहे. गर्दी नसते. गोव्यात तो चौथरा लोक मान वर करून पेटीकडे बघण्याच्या नादात बघतच नाहीत, तिथे बारकाईने बघता येतं.

इसार_काठ
@मांडवीकाठ, हे अजिबात माहीत नव्हतं. आईने गोव्यात ते दर्शन घेतलंय, तिला हे सांगितलं तर ती उफिझीच्या आधी तिथे जाईल. आता जेवणाचं सांगा ना कोणीतरी. आणि गाडीचं?

तिकीट_कलेक्टर
गाडी नको. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले विभाग आहेत, कॅमेरे लावलेले. चुकून शिरलात तर कोणी अडवत नाही, शिट्टीही वाजवत नाही. काही महिन्यांनी घरी दंडाचं पत्र येतं, आणि त्याच रस्त्याने परत फिरला असाल तर दोन. फ्लॉरेन्सला रेल्वे स्टेशन गावाच्या मध्यातच आहे. पिसाला साध्या गाडीने तासभर लागतो. कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात ठप्पा मारून मगच चढा, नाहीतर तिकीट खिशात असूनही दंड.

वरणफळ
जेवण माझं खातं. :) आधी वाईट बातमी. पार्मेजानो चीज करताना वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरतात, आणि ते सगळ्यावर भुरभुरतात. काकू कडक असतील तर मागवतानाच चीज नको म्हणून सांगा. ताज्या पास्त्यात अंडं असतं, सुक्यात सहसा नसतं, हेही विचारून घ्या. रस्त्यावर गाड्यांवर लांप्रेदोत्तो दिसेल, तो गाईच्या चौथ्या पोटाचा प्रकार, त्या वासापासून लांब राहा.

चांगली बातमी अशी की टस्कनीचं गरिबाघरचं जेवण बरंचसं शाकाहारीच आहे. रिबोल्लिता म्हणजे काळसर कोबीची पानं, पांढरे घेवडे आणि शिळा पाव घालून शिजवलेलं दाट कालवण. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. दोन्हीत मांसाचं पाणी घातलंय का एवढं विचारायचं. आणि चेचिना मिळाली तर सोडू नका, ते बेसनाचं धिरडंच आहे, फक्त भट्टीत भाजलेलं. पिसाच्या बाजूला जास्त मिळतं. पाव अळणी असतो, पावात मीठ घालायची तिथे रीतच नाही. बाबांना वाटेल आचारी विसरला.

मावशी_नाशिककर
लोणच्याची बाटली घेऊन जा. अळणी पावाला तोच उपाय. आणि बसून कॉफी मागवू नकोस, उभ्याने काउंटरवर प्यायली तर निम्म्याहून कमी पैसे पडतात. पाण्याच्या बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, सिन्योरिया चौकातच नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही पाणी फुकट.

बिनकामाचा
बुडबुड्यांचं पाणी फुकट? पुणे महापालिकेने नोंद घ्यावी. आधी साधं तरी.

रंकाळवेस
लय वेळ झाला वाचतोय, कुणीच बोलेना म्हणून आता लिहितो. सांगलीची माणसं फ्लॉरेन्सला निघालीत आणि छत्रपतींच्या स्मारकाचं नाव नाही?

आमच्या कोल्हापूरच्या दुसऱ्या राजाराम महाराजांचं निधन फ्लॉरेन्सला झालं. ३० नोव्हेंबर १८७०. वय अवघं वीस. इंग्लंडचा दौरा करून परत येत होते, वाटेत तब्येत बिघडली. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथे दहनाची पद्धत नव्हती, पण शहराने खास परवानगी दिली आणि आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. संगमच का, हे आपल्या माणसाला सांगायला नको. काशिने नावाची मोठी बाग आहे नदीकाठी, तिच्या पश्चिम टोकाला ती जागा. तिथे १८७४ मध्ये छत्री उभारली, खाली महाराजांचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा, चार बाजूंना चार भाषांत लेख. तिथली माणसं त्याला नुसतं 'इंदियानो', म्हणजे भारतीय, एवढंच म्हणतात. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही तेच पडलंय.

दीड_शहाणी
@रंकाळवेस, शाहू महाराजांचे चिरंजीव ना हे?

रंकाळवेस
नव्हं. तो घोळ सगळेच करतात. शाहू महाराजांचे पुत्र राजाराम पुढचे, १९२२ ला गादीवर आले. हे त्याआधीचे, १८६६ ते १८७०. शाहू महाराज १८८४ मध्ये दत्तक आले, म्हणजे यांच्यानंतर चौदा वर्षांनी. या महाराजांनी दौऱ्यात इंग्रजीतून रोजनिशी लिहिली होती, ती त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्टने १८७२ मध्ये लंडनला छापून आणली. वीस वर्षांचं पोरगं पार्लमेंटपासून नाटकांपर्यंत सगळं बघतंय आणि लिहून ठेवतंय.

आणि काकांसाठी अजून एक. ती छत्री ज्याने आखली तो मेजर मँट, कोल्हापूरचा नवा राजवाडा त्याचाच. बडोद्याचा लक्ष्मी विलासही.

ईशान्यवारा
वा. एवढी वर्षं इटलीच्या वाऱ्या करतोय, त्या बागेत सायकलही चालवलीय, पण टोकापर्यंत कधी गेलो नाही. पंचगंगेच्या घाटावर राजघराण्याच्या समाध्या पाहिल्यात, त्यातलीच एक शाखा आर्नोच्या काठावर असेल असं वाटलं नव्हतं.

तिकीट_कलेक्टर
भावना बाजूला ठेवून व्यवहाराचं सांगतो, कारण काकूंचे गुडघे. स्टेशनजवळून टी-१ ट्राम आहे आणि 'काशिने' नावाचा थांबाही आहे, पण तो बागेच्या पूर्वेच्या टोकाला. स्मारक पार पश्चिमेला, मधे तीनेक किलोमीटर चालणं. सावली छान आहे, रस्ता सपाट आहे, तरी जाऊन-येऊन सहा होतात. टॅक्सी करा. चालकाला 'इंदियानो' सांगितलं तर तो महामार्गाच्या पुलावर नेईल, म्हणून 'मोनुमेंतो' म्हणा आणि नकाशा दाखवा. परतीची टॅक्सीही तेव्हाच ठरवून ठेवा, त्या टोकाला हात दाखवून मिळत नाही.

वरणफळ
बागेला दार-तिकीट नाही. म्हणजे सोमवारी चालेल!

तिकीट_कलेक्टर
बरोबर, मी तेच म्हणणार होतो. सोमवारी मोठी सरकारी संग्रहालयं बंद आणि महाराज मोकळ्या आभाळाखाली. सोमवारी उजाडताच स्मारक, मग दुओमो आणि घुमट, मग स्टेशन.

बिनकामाचा
काकांना ४६३ पायऱ्या चढवून लगेच रेल्वेत? डबाभर 'आई गं, आई गं' ऐकायला येईल.

मांडवीकाठ
घुमट शनिवारी संध्याकाळी हलवा आणि अकादेमिया रविवारी. फुकटची रांग असेल, पण दुपारी उशिरा कमी होते. किंवा दीड_शहाणींचा बेत ठेवा आणि घुमट सोमवारी पहिल्या वेळेचा काढा, स्मारक त्यानंतर टॅक्सीने. पायऱ्या उतरून आलेल्या माणसाला टॅक्सीत बसायला आवडतंच.

मावशी_नाशिककर
आणि पिसा? पिसा सोडा. मनोऱ्याला हात टेकवून फोटो काढायचा, त्यासाठी अर्धा दिवस कशाला. रविवारी ७ नंबरच्या बसने फिएझोलेला जा. टेकडीवरचं गाव, अर्ध्या तासात पोचतं, रोमन काळातलं नाट्यगृह आहे आणि खाली अख्खं फ्लॉरेन्स दिसतं. संध्याकाळी सांता क्रोचे. तिथे मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माक्यावेल्ली सगळे एकाच छपराखाली झोपलेत. रविवारी ते दुपारनंतर उघडतं.

दीड_शहाणी
सांता क्रोचेत १९६६ च्या पुराच्या खुणा विचारा. ४ नोव्हेंबरला आर्नो शहरात घुसली होती. चिमाबुएने रंगवलेला लाकडी क्रूस पाण्यात भिजून बराचसा रंग गमावून बसला, तो तसाच जपून ठेवलाय. गल्ल्यांमध्ये भिंतींवर पाणी कुठवर आलं होतं त्याच्या पाट्या आहेत, काही तर डोक्याच्या बऱ्याच वर.

इसार_काठ
२०१९ मध्ये आमच्या सांगलीच्या घरात तळमजल्यावर पाणी होतं. बाबांनी जिन्याच्या भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिलीय, आई रंग देऊ म्हणते आणि ते देऊ देत नाहीत. त्या पाट्या त्यांना दाखवल्याच पाहिजेत.

ईशान्यवारा
पानशेतनंतर पुण्यातही जुन्या वाड्यांवर अशा खुणा होत्या. वाडेच गेले आता.

बिनकामाचा
धागा भरकटतोय. कोणीतरी डेव्हिडला बोलवा.

इसार_काठ
डेव्हिड शनिवारी संध्याकाळी पाचला, तिकीट काढलं! उफिझी शनिवारी सव्वाआठ, तेही झालं. रविवार फिएझोले आणि सांता क्रोचे. सोमवारी घुमटाची पहिली वेळ फक्त बाबांसाठी, आई नि मी दुओमोच्या रांगेत. मग टॅक्सीने स्मारक. पिसा आणि गाडी कटाप. गॅलिलिओचं बोट शनिवारी झोपेनंतर जमलं तर.

काल फोनवर बाबांना राजाराम महाराजांचं सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'हार कुठे मिळेल?' आई म्हणते नारळही नेऊ. मंडळी, हे सांभाळायला मदत करा.

तिकीट_कलेक्टर
नारळ नको. तिथे कोणी ओरडणार नाही, पण दीडशे वर्षांचा दगड आहे आणि समोर सायकलवाल्यांचा रस्ता. फुलं ठेवायला हरकत नसावी. फुलवाले गावात बरेच आहेत, आदल्या दिवशी घेऊन ठेवा.

वरणफळ
फक्त शेवंती घेऊ नका! इटलीत शेवंती स्मशानात वाहायची असते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस असतो त्यासाठी बाजारात ढीग लागतात. कुणाच्या घरी नेली तर यजमान घाबरतील.

रंकाळवेस
अहो मग शेवंतीच न्या की! महाराजांच्या दहनाच्या जागेवर वाहायची आहे, तुमच्या घरमालकिणीला थोडीच द्यायची आहे. कोल्हापूरचाही नियम पाळला, फ्लॉरेन्सचाही.

मावशी_नाशिककर
पिवळी घे. आणि दोरा-सुई म्युनिकहूनच ने, तिथे कोणी ओवून देणार नाही.